वर्दीतला कारभारी: नरखेडपासून बर्लिनपर्यंत एक जुना प्रश्न

नरखेडच्या एसटी स्टँडवर, मोवाडच्या पानठेल्यावर किंवा जलालखेड्याच्या आठवडी बाजारात राजकारणावर गप्पा सुरू झाल्या, की पाच-दहा मिनिटांत कुणीतरी हमखास म्हणतं, "या देशाले मिलिट्रीच पायजे, त्याबिगर सुधरत नाई कोनी." संत्र्याला भाव नाही, रोहित्र जळून आठवडा झाला, तलाठी जागेवर नाही, तक्रार कसलीही असो, औषध एकच. बोलणाऱ्याचा पोरगा पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावत असतो, त्यामुळे सैन्याबद्दलचा आदर खोटा नसतो. पण शिपायाच्या हाती कारभार दिला तर नेमकं काय होतं, याचा हिशेब या वाक्यामागे कुणी मांडलेला नसतो. तो मांडता येतो. सैनिक मंत्री झाला, सेनाधिकारी कारभारी झाला, असे प्रयोग आपल्याकडे आणि जगात भरपूर झाले आहेत, आणि त्यांतले काही तर नरखेड ज्या मुलखात आहे तिथेच झालेत.

सुरुवात घरातून करू. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत न्यायाधीश आणि पंडितराव सोडले, तर बाकीच्या सहांना प्रसंगी मोहिमेवर जावंच लागे. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला तेव्हा सेनापती हंबीरराव मोहिते हे प्रधानांपैकीच एक. म्हणजे मराठी राज्यात सैन्य आणि मंत्रिमंडळ या दोन वेगळ्या खोल्या नव्हत्याच. मधली भिंत फार नंतर आली. नागपूरकर भोसल्यांच्या दौलतीत तर ती आणखीच पुसट होती. सातारच्या छत्रपतींकडून या घराण्याला मिळालेला किताब 'सेनासाहेब सुभा', म्हणजे राजाच मुळात सेनेचा धनी. पहिल्या रघुजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर हे बंगालच्या स्वारीचे सरदारही होते. हिशेबाची वही आणि घोड्याचा लगाम एकाच हातात. १७४२ मध्ये त्यांनी कटव्याला तळ ठोकून बंगालच्या नवाबाला जेरीस आणलं, आणि १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने मनकऱ्याला बोलणीसाठी म्हणून बोलावून त्यांना व त्यांच्या सरदारांना तंबूतच मारलं. १७५१ च्या तहाने ओरिसा आणि सालीना बारा लाखांची चौथाई भोसल्यांच्या पदरात पडली. हे यश दिवाणाचं की सेनापतीचं, असा प्रश्न त्या काळात कुणाला पडलाच नसता.

या व्यवस्थेची दुसरी बाजू बंगाल्यांना विचारावी. मराठा बारगिरांच्या आठवणी तिथल्या अंगाईगीतांत शिरल्या त्या भीतीपोटी. जो वसुली करतो तोच घोडदळ घेऊन येतो, तेव्हा रयतेला दाद मागायला तिसरी जागा उरत नाही. आपण भोसल्यांचा पराक्रम अभिमानाने सांगतो तेव्हा ही बाजू गाळतो, आणि ती गाळली की पानठेल्यावरचं वाक्य पटायला लागतं.

१८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली, आप्पासाहेब भोसले हरले आणि अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या नावाने १८२६ पर्यंत राज्य चालवलं ते रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स याने. जेन्किन्स स्वतः मुलकी अधिकारी, पण त्याच्या हाताखालचे बरेचसे जिल्हे कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्यांनी सांभाळले. छत्तीसगडात गेलेला अॅग्न्यू याच जातीचा. रतनपूर सोडून रायपूरला त्याने आपलं ठाणं केलं, आणि आजचं रायपूर राजधानीपर्यंत पोचलं त्याची एक पायरी ती. उत्तरेला नर्मदेच्या खोऱ्यात विल्यम स्लीमन हा बंगाल फौजेतला अधिकारी जिल्ह्याचा कारभार पाहता पाहता ठगांच्या मागे लागला. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी वारले, वारस नाही म्हणून संस्थान खालसा झालं, आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत उभा राहिला तेव्हा त्याचा पहिला चीफ कमिशनर होता कर्नल एलियट. त्याच्या पाठोपाठ रिचर्ड टेंपल आला. प्रांताचा नकाशा टेंपलच्या काळात आकाराला आला हे खरं, पण दाराची पहिली किल्ली कर्नलच्या खिशात होती.

असे प्रांत 'नॉन-रेग्युलेशन' म्हटले जात. बंगाल-मुंबईसारखे तिथे सगळे कायदे जसेच्या तसे लागू नसत, एकाच अधिकाऱ्याकडे वसुली, न्याय आणि पोलीस हे तिन्ही येत, आणि त्या जागांवर कॅप्टन-मेजर सर्रास नेमले जात. नरखेड तेव्हा काटोल तहसिलीत. १८६० च्या दशकात नागपूर जिल्ह्याचा बंदोबस्त झाला, गावोगावच्या पाटलांना जमिनीची मालकी देऊन मालगुजार करण्यात आलं, आणि ही मालगुजारी १९५१ पर्यंत टिकली. सावरगाव, बेलोना, थडीपवनी या पट्ट्यातला शेतकरी आजही शिवेचा किंवा पांधणीचा वाद घेऊन तहसील कचेरीत गेला की जुनी मिसल, निस्तार पत्रक, अधिकार अभिलेख अशी कागदं उपसतो. गावच्या जनावरांनी कुठे चरायचं, नदीवर कुठल्या वाटेने जायचं, सरपण कुठून आणायचं, हे निस्तार पत्रकात ओळीने लिहिलेलं असतं. मालगुजारी गेल्यावर हे कागद नव्याने झाले, पण गावाची मोजणी करून हक्क नोंदवायची मूळ चौकट बंदोबस्ताच्या काळातली. ती घालून देणाऱ्या राजवटीत वर्दीतली माणसं मुबलक होती.

त्यांना श्रेय द्यायचं का? मोजणीचं, नोंदीचं, वेळेवर काम उरकण्याचं जरूर द्यावं. लष्करी माणसाला नकाशा वाचता येतो आणि काम तारखेला संपवायची सवय असते. पण गावातली जमीन कसणाऱ्या कुळाला विचारून मालगुजार ठरवले गेले नाहीत. वरून हुकूम आला, खाली अंमल झाला. हुकूम चुकला तर तो चुकला हे वर सांगणारी वाट मात्र कुणी आखली नव्हती.

नेमकं याच सुमारास, म्हणजे मध्य प्रांत आकाराला येत होता तेव्हा, बर्लिनमध्ये या प्रश्नाचा सगळ्यात गाजलेला प्रयोग चालू होता. आल्ब्रेख्त फॉन रोऊन हा प्रशियाचा सेनाधिकारी. जन्म १८०३ चा, पोरका झाल्यावर आजीने वाढवलेला, लहानपणीच कॅडेट शाळेत घातलेला. गंमत अशी की त्याचं पहिलं नाव झालं ते तलवारीने नव्हे, भूगोलाच्या पुस्तकाने. कार्ल रिटर या थोर भूगोलतज्ज्ञाचा तो शिष्य. त्याने लिहिलेलं पाठ्यपुस्तक जर्मन शाळांत वर्षानुवर्षं चाललं. १८४८-४९ च्या उठावांच्या काळात तो युवराज विल्हेल्मच्या जवळ आला आणि तिथून त्याची चढण सुरू झाली. १८५९ च्या डिसेंबरात तो युद्धमंत्री झाला.

त्याच्यापुढचं गणित सोपं होतं. १८१४ साली प्रशियाची लोकसंख्या साधारण एक कोटी दहा लाख होती, आता ती एक कोटी ऐंशी लाखांवर गेली होती, पण दरवर्षी भरती होत होती तेवढीच, चाळीस हजार. रोऊनला ती त्रेसष्ट हजार करायची होती, नवी पायदळ आणि घोडदळ पथकं उभी करायची होती, आणि सेवेची मुदत पुरी तीन वर्षं ठेवायची होती. लांडवेअर नावाची नागरिकांची राखीव फौज होती, तिचं महत्त्व कमी करायचं होतं. दुकानदार आणि वकील अधिकारी म्हणून मिरवतात हे त्याच्या डोळ्यांत खुपत होतं. संसदेतल्या उदारमतवाद्यांचा पैशाला तितका विरोध नव्हता. त्यांना दोन वर्षांची सेवा हवी होती आणि लांडवेअर हवी होती. तिसरं वर्ष लढाई शिकवण्यासाठी नाही, तर नागरिकाचा शिपाई करून त्याच्या डोक्यातून राज्यघटना काढून टाकण्यासाठी आहे, असा त्यांचा संशय होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता.

१८६२ च्या सप्टेंबरात संसदेने पैसे नाकारले. मजा अशी की त्या क्षणी तडजोडीला तयार झालेला माणूस होता स्वतः रोऊन. दोन वर्षांच्या सेवेवर काहीतरी मार्ग काढू असं त्याने सुचवलं. राजा विल्हेल्म मात्र अडला आणि गादी सोडायची भाषा बोलू लागला. तेव्हा रोऊनने पॅरिसला प्रशियाचा राजदूत असलेल्या बिस्मार्कला तार केली: उशीर धोक्याचा आहे, लवकर ये. अर्धी लॅटिन, अर्धी फ्रेंच अशी ती तार जर्मन इतिहासात प्रसिद्ध आहे. बिस्मार्क आला, पंतप्रधान झाला, आणि पुढची चार वर्षं संसदेच्या मंजुरीशिवाय कर गोळा करून सैन्य वाढवलं गेलं. १८६६ मध्ये क्योनिगग्रेट्झला ऑस्ट्रियाचा पराभव झाला आणि त्याच वर्षी संसदेने मागच्या बेकायदा खर्चावर माफीचा कायदा मंजूर केला. १८७० मध्ये फ्रान्सविरुद्ध सेनेच्या मुख्यालयाचा प्रमुख मोल्टके याने योजना आखल्या, पण लाखो माणसं, घोडे आणि दारूगोळा ठरल्या दिवशी ठरल्या स्टेशनावर उतरवणारी यंत्रणा रोऊनची. १८७३ मध्ये तो फील्ड मार्शल आणि काही महिने प्रशियाचा पंतप्रधानही झाला. त्या खुर्चीत तो रमला नाही, वर्ष संपायच्या आत बाहेर पडला. १८७९ मध्ये वारला.

रोऊन कर्तबगार होता यात शंका नाही, आणि तो लाचखाऊ, ऐषारामी किंवा क्रूरही नव्हता. पानठेल्यावर ज्या 'मिलिट्री'ची मागणी होते ती अशाच माणसाची असते: स्वच्छ, शिस्तीचा, शब्दाचा पक्का. पण त्याने घालून दिलेला पायंडा पाहा. लोकप्रतिनिधींनी नाही म्हटलं, तरी सैन्याच्या खर्चाला ते 'नाही' लागू नाही. आणि जिंकलं की मागचं सगळं माफ. राज्यघटनेला दिलेली शपथ आणि राजाला दिलेली शपथ यांत तंटा झाला तर वर्दीतल्या मंत्र्याने कुठली पाळायची, याचं उत्तर त्याच्या काळात ठरून गेलं. त्याच्यानंतरचा युद्धमंत्री कामेके याने अधिकाऱ्यांवरच्या स्थानिक कराच्या प्रश्नावर संसदेशी थोडं जुळवून घ्यायचं ठरवलं, तर १८८३ मध्ये त्याला घरी बसवलं. त्याच्या जागी आलेल्या ब्रोन्सार्टच्या काळात सेनेचं मुख्यालय आणि राजाची लष्करी कचेरी या दोन्ही युद्धमंत्र्याच्या हातातून सुटून थेट राजाकडे गेल्या. आता मंत्री संसदेत उभा राहून म्हणू शकत होता, हे माझ्याकडे नाहीच. सैन्याला प्रश्न विचारायची खुर्ची होती, पण त्या खुर्चीवरच्या माणसाकडे उत्तरच नव्हतं. १९१४ मध्ये जर्मनी युद्धात कसा शिरला ते सांगताना इतिहासकार या पोकळीपाशी थांबतात.

हा नमुना समुद्र ओलांडून जपानला पोचला. १८८५ मध्ये जर्मन मेजर मेकेल टोकियोत शिकवायला गेला आणि जपानी सेना प्रशियाच्या साच्यात ओतली गेली. १९०० मध्ये जपानने एक पाऊल पुढे टाकलं: सेना आणि नौदलाचे मंत्री नोकरीत असलेले जनरल किंवा अॅडमिरलच असले पाहिजेत असा नियम केला. सेनेला सरकार आवडलं नाही, तर ती मंत्रीच देत नसे, आणि मंत्रिमंडळ कोसळे. १९१३ मध्ये हा नियम ढिला झाला, १९३६ मध्ये पुन्हा घट्ट. त्या जपानच्या फौजेने १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर घेतलं तेव्हा कैद झालेल्या हिंदी अधिकाऱ्यांत एक मराठी लेफ्टनंट कर्नल होता.

जगन्नाथराव भोसले. जन्म १९०६, सावंतवाडी संस्थानातल्या तिरोडे गावचा. डेहराडूनच्या लष्करी शाळेत आणि मग इंग्लंडच्या सँडहर्स्टमध्ये शिकलेला. हिंदी माणसाला राजाचं कमिशन मिळणं ही दुर्मीळ गोष्ट होती, त्या पहिल्या काही जणांपैकी. युद्धकैदी असताना ते आझाद हिंद सेनेत गेले. कॅप्टन मोहनसिंगांनी उभारलेली पहिली फौज १९४२ च्या अखेरीस मोडली आणि ती पुन्हा उभी करण्याचं काम ज्यांच्याकडे आलं त्यांत भोसले पुढे होते. सुभाषबाबू आल्यावर ते सेनेचे चीफ ऑफ स्टाफ झाले. २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापूरला आझाद हिंदचं हंगामी सरकार जाहीर झालं, त्याच्या मंत्रिमंडळात सैन्याचे प्रतिनिधी म्हणून काही अधिकारी घेतले गेले. भोसले त्यांत होते. सेनाधिकारी आणि मंत्री एकाच वेळी: रोऊनच्या चौकटीत बसणारी ही आधुनिक काळातली आपली जवळजवळ एकमेव मराठी नोंद.

त्यांचं पुढचं आयुष्य मला जास्त मोलाचं वाटतं, आणि मराठीत त्यावर सगळ्यात कमी लिहिलं जातं. स्वातंत्र्यानंतर आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांना भारतीय सैन्याने परत घेतलं नाही. बाहेर बोलायला ते कटू वाटतं. ज्यांची मिरवणूक काढली त्यांनाच बराकीचं दार बंद. पण निर्णयामागचा विचार स्पष्ट होता: ज्याने एकदा राजकीय कारणासाठी वर्दी बदलली, त्याच्यासाठी, कारण कितीही उदात्त असलं तरी, नियम मोडायचा नाही. भोसले मग काँग्रेसमधून १९५२ मध्ये उत्तर रत्नागिरीतून लोकसभेवर गेले आणि नेहरूंनी त्यांना पुनर्वसन खात्याचे उपमंत्री केलं. मेजर जनरल म्हणून मिरवलेला माणूस आता निर्वासितांच्या वसाहतीतले नळ, शाळा आणि भरपाईचे अर्ज बघत होता. दिल्लीच्या लजपतनगरातल्या कस्तुरबा निकेतनमध्ये फाळणीने उपटलेल्या घरांतली मुलं होती, कुठे शाळा नाही, कुठे बाप नाही. १९५४ मध्ये भोसल्यांनी तिथे राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली: सकाळची कवायत, सामूहिक गाणी, खेळ, स्वच्छता, वेळेवर येणं. योजना चालली, पसरली, प्रशिक्षक तयार होऊ लागले, आणि पुढे ती शिक्षण खात्याकडे जाऊन अनेक राज्यांतल्या शाळांत पोचली.

लष्करी मंत्र्याला कवायतच सुचणार, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. हाती हातोडा असला की सगळीकडे खिळे दिसतात. पण रोऊन आणि भोसले यांत एक फरक आहे. भोसल्यांच्या योजनेला दरवर्षी संसदेत पैसे मागावे लागले, तिला टीकाकार मिळाले, आणि १९५९ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. शाळेत एकीकडे शारीरिक शिक्षण, दुसरीकडे शिस्त योजना, तिसरीकडे आणखी काही, हा पसारा एकत्र करा, असं तिने सांगितलं. १९६५ मध्ये शिस्त योजना राष्ट्रीय तंदुरुस्ती दलात विलीन झाली. भोसले त्याआधीच, १९६३ मध्ये वारले होते. आपली लाडकी योजना दुसऱ्या नावाखाली विरून गेलेली पाहायला ते नव्हते. असते तरी तिच्यासाठी त्यांनी कुणाला पॅरिसला तार केली नसती. तशी वाटच शिल्लक ठेवलेली नव्हती.

याच वर्षांत दुसरं टोकही दिसलं. कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शं. पां. पा. थोरात पूर्व विभागाचे सेनापती होते. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धाभ्यास घेऊन त्यांनी दाखवलं, की चीन ईशान्येत उतरला तर आपण कुठे तुटू. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मनावर घेतलं नाही. थोरात १९६१ मध्ये निवृत्त झाले, १९६२ च्या ऑक्टोबरात त्यांचं भाकीत खरं ठरलं, आणि नेहरूंनी त्यांना सल्ल्यासाठी बोलावलं. अशा वेळी प्रशियात किंवा जपानात सरळ जनरलला मंत्री केलं असतं. इथे मेनन यांच्या जागी आले देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण, ज्यांनी कधी वर्दी घातली नव्हती. थोरात नंतर महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. ते मंत्री व्हायला हवे होते का? त्यांचं ऐकणारा मंत्री हवा होता, हे जास्त खरं. चव्हाणांनी १९६६ पर्यंत ते खातं सांभाळलं आणि मधल्या १९६५ च्या युद्धात सेनाप्रमुखांना कामाची मोकळीक देऊन निर्णयाची जबाबदारी आपल्याकडे ठेवली. मराठी मुलखातून पुढे संरक्षणमंत्री झालेले शरद पवारही (१९९१-९३) बिगरलष्करीच.

नरखेड तालुक्याने स्वतः दिलेला मोठा मंत्री म्हणजे वडविहिरा गावचे अनिल देशमुख, १९९५ पासून काटोल मतदारसंघातून अनेकदा निवडून आलेले आणि २०१९ ते २०२१ राज्याचे गृहमंत्री. त्यांचीही वाट मतपेटीची, परेडच्या मैदानाची नाही. वर्दीवाल्यांचा संबंध तालुक्याशी येतो तो कामठीमार्गे. इंग्रजांनी १८२१ मध्ये वसवलेली ती छावणी, आज गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र. नागपूरकर भोसल्यांच्या दौलतीवर नजर ठेवायला बसवलेल्या फौजेच्या जागेवर आज त्याच मुलखातली पोरं नोकरीसाठी कागद घेऊन उभी राहतात.

स्वतंत्र भारतात लष्करातून मंत्रिपदापर्यंत आलेली माणसं मोजकीच. त्यांची खाती पाहिली की दिल्लीची सवय कळते. १९५० च्या लष्कर कायद्याने नोकरीतल्या जवानाला राजकीय संघटना आणि सभा यांपासून लांब ठेवलंच आहे. निवृत्तीनंतर राजकारणात येणाऱ्यालाही सहसा संरक्षण सोडून दुसरंच खातं मिळतं. भोसल्यांना पुनर्वसन. १९६५ आणि १९७१ च्या काळात हवाई दलात वैमानिक असलेल्या पुण्याच्या सुरेश कलमाडींना १९९५ मध्ये रेल्वे राज्यमंत्रिपद. मेजर जनरल खंडुरींना रस्ते. सेनाप्रमुख राहिलेले व्ही. के. सिंग २०१४ मध्ये आले, त्यांना परराष्ट्र खात्याचं राज्यमंत्रिपद आणि ईशान्येचा विकास. संरक्षण खात्यातच बसलेले मोजके: १९५० च्या सुमाराचे उपमंत्री मेजर जनरल हिंमतसिंहजी, आणि २००१ मध्ये काही महिने संरक्षणमंत्री झालेले माजी मेजर जसवंत सिंग. जसवंत सिंगांनी वर्दी १९६० च्या दशकातच उतरवली होती, आणि मंत्रालयात ते आले तेव्हा त्यांच्या मागे लष्करापेक्षा संसदेतली वर्षं जास्त होती.